फायर स्टिकच्या रिमोटने टीव्ही चालू होत नाही? दोष असा शोधा

स्टिकच्या रिमोटवरचं पॉवरचं बटण दाबलं, टीव्ही ढिम्म. मग तेच बटण पुन्हा पुन्हा, आणखी जोरात, पार टीव्हीजवळ जाऊन दाबलं जातं. तरी काही नाही. इथून पुढे बऱ्याच घरांत एक तर नवा रिमोट मागवतात, नाहीतर टीव्ही दुरुस्त करणाऱ्याला फोन लावतात. बहुतेक वेळा दोन्हींची गरज नसते. दोष सेटिंगमध्ये, सेलमध्ये किंवा स्टिकची वायर कुठे खोचली आहे त्यात असतो, आणि तो घरबसल्या सापडतो. फक्त शोधायचा क्रम ठाऊक हवा.

उदाहरणासाठी मी अ‍ॅमेझॉनची फायर टीव्ही स्टिक घेतली आहे, म्हणजे टीव्हीला मागून खोचून इंटरनेटवरचे कार्यक्रम दाखवणारं छोटं उपकरण. आपल्याकडच्या पुष्कळ घरांत ती दिसते. दुसऱ्या कंपन्यांच्या उपकरणांत मेनूची नावं बदलतात, पण आतली गोष्ट तीच राहते. त्यांच्याबद्दल शेवटाकडे लिहिलं आहे.

आधी टीव्ही पाहा, रिमोट नंतर

टीव्हीच्या खालच्या कडेला, मधोमध किंवा उजव्या कोपऱ्यात, एक बारीक लाल दिवा असतो. टीव्ही बंद असतानाही तो लागलेला दिसला तर टीव्हीपर्यंत वीज पोचते आहे आणि तो रिमोटची वाट पाहतो आहे. दिवा नसेल तर भिंतीवरचं बटण बघा. रात्री झोपताना टीव्हीचं मेन बटण बंद करायची सवय अनेक घरांत असते, आणि चांगली सवय आहे. पण ते बंद असताना जगातला कुठलाही रिमोट टीव्ही चालू करू शकत नाही. एक्स्टेन्शन बोर्ड असेल तर त्याचं बटण, स्टॅबिलायझर असेल तर त्याचंही बघून घ्या. काही टीव्हींच्या मागे किंवा खाली वेगळा मेन स्विच असतो. फडकं मारताना तो बंद होतो आणि कुणाच्या लक्षात येत नाही.

काही टीव्हींमध्ये हा लाल दिवा सेटिंगमधून बंद करता येतो. त्यामुळे दिवा नाही म्हणजे टीव्ही गेला, असं लगेच धरू नका.

आता टीव्हीवरचंच बटण शोधा. नव्या टीव्हींत ते कंपनीच्या नावाखाली, कडेच्या आतल्या बाजूला बोटाने चाचपडून सापडेल असं असतं. काहींत पाठीमागे उजवीकडे छोटी दांडी असते. ते दाबून टीव्ही चालू झाला तर टीव्ही ठणठणीत आहे, आणि पुढचा सगळा लेख तुमच्या कामाचा आहे. याच बटणाने टीव्ही चालू करून तुम्हाला पुढच्या सेटिंगमध्ये जायचं आहे, म्हणून ते कुठे आहे हे घरात सगळ्यांनाच माहीत असू द्या.

त्या बटणानेही चालू झाला नाही, किंवा लाल दिवा ठरावीक वेळा लुकलुकतो, थांबतो, पुन्हा लुकलुकतो असं दिसलं, तर दोष टीव्हीच्या आत आहे. आवाज येतो पण पडदा काळा, असं असेल तर खोलीत अंधार करून पडद्यावर मोबाइलची बॅटरी जवळून मारा. अंधुक चित्र हलताना दिसलं तर पडद्यामागचे दिवे गेले आहेत. अशा टीव्हीचं मागचं झाकण स्वतः उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या पॉवर बोर्डवर काही वेळ विजेचा धोकादायक दाब राहतो. हे काम जाणकाराचंच.

तुमच्या रिमोटला टीव्ही चालू करता येतो का?

हा प्रश्न आधी विचारायला हवा, आणि तोच बहुधा राहून जातो. २०१७ मध्ये फायर टीव्ही स्टिक भारतात विकायला आली, तेव्हा तिच्यासोबतच्या रिमोटवर टीव्हीसाठी एकही बटण नव्हतं. टीव्हीचं पॉवर, आवाज कमी-जास्त आणि म्यूट ही बटणं २०१८ च्या ४के स्टिकपासून आली. नंतर २०२० मध्ये फायर टीव्ही स्टिक लाइट आली, ती स्वस्त होती आणि खूप खपली. तिच्या रिमोटवर पुन्हा ही बटणं नव्हती. त्यावर खालच्या बाजूला टीव्हीचं चित्र असलेलं एक बटण आहे, त्यावरून फार गोंधळ होतो. ते चॅनेलची यादी उघडण्यासाठी आहे, टीव्ही चालू-बंद करण्यासाठी नाही.

तेव्हा रिमोट हातात घेऊन पाहा. वर गोल रेघ आणि मधे उभी दांडी असं पॉवरचं चिन्ह आहे का? आवाजाचं अधिक-उणे आहे का? नसेल तर रिमोट बिघडलेला नाही, त्याला तो अवयवच दिलेला नाही. तरीही निराश होऊ नका. होमचं बटण दाबून टीव्ही जागा करायची दुसरी वाट आहे, ती पुढे सीईसी नावाच्या व्यवस्थेच्या भागात येते.

रिमोट दोघांशी वेगवेगळं बोलतो

हे एकदा समजलं की बाकी सगळं आपोआप उलगडतं, म्हणून इथे जरा थांबू.

स्टिकचा रिमोट स्टिकशी ब्लूटूथने बोलतो. ब्लूटूथच्या लहरी उशीआडून, पांघरुणातून, टीव्हीच्या पाठीमागे लपलेल्या स्टिकपर्यंत पोचतात. रिमोट कुठेही धरला तरी चालतो. पण टीव्हीला ही भाषा कळत नाही. टीव्हीसाठी त्याच रिमोटच्या पुढच्या टोकाला, काळ्या प्लास्टिकच्या आड, एक इन्फ्रारेड दिवा बसवलेला असतो. त्याचा प्रकाश आपल्या डोळ्यांना दिसत नाही. तो सेकंदाला साधारण ३८ हजार वेळा उघडझाप करत टीव्हीला इशारा देतो. हा प्रकाश भिंत ओलांडत नाही, उशी ओलांडत नाही, आणि टीव्हीच्या 'डोळ्या'समोर काही आलं तर तिथेच अडतो.

म्हणूनच 'रिमोट चालतोय की, नेटफ्लिक्स उघडतं, यादी वर-खाली होते, मग टीव्ही का चालू होत नाही?' या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे. यादी वर-खाली होते ती ब्लूटूथने. तिचा टीव्ही चालू होण्याशी काही संबंध नाही. एक वाट मोकळी असताना दुसरी बंद असू शकते.

तिसरी वाट स्टिक आणि टीव्ही यांच्यातली. स्टिक ज्या एचडीएमआय सॉकेटमध्ये खोचलेली असते, त्यात चित्र-आवाजाच्या तारांसोबत एक तार निरोपांसाठी राखलेली असते. त्या व्यवस्थेला सीईसी म्हणतात. त्या तारेवरून स्टिक टीव्हीला 'जागा हो' किंवा 'झोप' असं सांगू शकते. टीव्ही कंपन्यांनी या सीईसीला आपापली नावं दिली आहेत. सॅमसंगमध्ये ते अ‍ॅनीनेट प्लस, एलजीमध्ये सिम्पलिंक, सोनीत ब्राव्हिया सिंक, पॅनासॉनिकमध्ये व्हिएरा लिंक, फिलिप्समध्ये इझीलिंक. सेटिंगमध्ये 'सीईसी' शोधून सापडलं नाही तर यांतलं नाव शोधा.

लक्षण नीट पाहा

आता टीव्ही त्याच्या बटणाने चालू करा, स्टिकचा पडदा येऊ द्या आणि रिमोटने तीन गोष्टी करून पाहा: यादी वर-खाली करणं, आवाज वाढवणं, पॉवर दाबून टीव्ही बंद करणं. मग पुन्हा पॉवर दाबून टीव्ही चालू होतो का तेही पाहा. या चारांपैकी काय चाललं आणि काय नाही ते कागदावर लिहून ठेवा. पुण्यात बसलेल्या आई-बाबांना तुम्ही बंगळुरूहून किंवा न्यू जर्सीहून फोनवर मदत करत असाल, तर 'रिमोट चालत नाही' एवढ्यावर काहीच ठरवता येत नाही. हे चार प्रश्न विचारा, पाच मिनिटांत दिशा कळते.

काहीच चालत नसेल, यादीही हलत नसेल, तर दोष सेलमध्ये किंवा जोडणीत आहे.

यादी हलते, पण आवाज आणि पॉवर दोन्ही चालत नाहीत, तर इन्फ्रारेडची वाट बंद आहे. एक तर दिवा कमजोर, नाहीतर समोर अडथळा, नाहीतर रिमोटमध्ये भलत्याच टीव्हीचा संकेत भरलेला आहे.

आवाज कमी-जास्त होतो, पण पॉवर चालत नाही: इथे दिवा आणि डोळा दोन्ही ठीक आहेत. संकेतांचा संच तुमच्या टीव्हीशी पूर्ण जुळलेला नाही. सेल बदलून इथे उपयोग नाही. मात्र तुमचा साउंडबार त्याच रिमोटवर चालत असेल तर आवाजाचं बटण टीव्हीला नव्हे, साउंडबारला निरोप देत असेल. तेव्हा या लक्षणावर विसंबू नका.

टीव्ही बंद होतो, पण चालू होत नाही. हे लक्षण सगळ्यात जास्त बुचकळ्यात टाकतं आणि तेच सगळ्यात जास्त सांगून जातं. बऱ्याच टीव्हींना इन्फ्रारेडने चालू आणि बंद करायचा संकेत एकच असतो. बंद असला तर चालू, चालू असला तर बंद. त्याच संकेताने बंद होणारा टीव्ही त्याच संकेताने चालूही व्हायला हवा. होत नसेल तर तो इन्फ्रारेडने बंद झालेलाच नाही. त्याला स्टिकने सीईसीच्या तारेवरून झोपवलं, आणि उठवायची वेळ आली तेव्हा स्टिक स्वतःच मेलेली होती किंवा टीव्हीने तिचा निरोप मानला नाही.

टीव्ही चालू होऊन लगेच पुन्हा बंद होतो: दोन्ही वाटा एकाच वेळी चालू आहेत. सीईसीने टीव्ही उठवला, मागोमाग इन्फ्रारेडचा संकेत पोचला, आणि जागा झालेल्या टीव्हीने तो 'बंद हो' असाच वाचला. यातली एक वाट बंद केली की हा त्रास थांबतो.

आता ज्याचं जे लक्षण, त्याने तो भाग वाचावा.

सेल

या रिमोटला दोन बारीक पेन्सिल सेल लागतात, दुकानदार त्यांना ट्रिपल ए म्हणतात. घड्याळातले निघालेले सेल यात घालू नका. भिंतीवरचं घड्याळ अगदी थोड्या विजेवर चालतं, इन्फ्रारेड दिव्याला मात्र बटण दाबल्याक्षणी जास्त वीज लागते. म्हणून अर्धवट संपलेल्या सेलवर यादी हलत राहते आणि टीव्ही मात्र चालू होत नाही, असं होऊ शकतं. दोन्ही सेल एकदम बदला, एकाच कंपनीचे, एकाच प्रकारचे. अल्कलाइन लिहिलेले घ्या. साधे स्वस्त सेल लवकर दमतात आणि जास्त दिवस पडून राहिले तर पाझरतात.

झाकण उघडल्यावर स्प्रिंगवर पांढरी किंवा हिरवट भुकटी दिसली तर सेल पाझरला आहे. सेल काढून टाका, कान साफ करायच्या कापसाच्या काडीला थोडं स्पिरिट लावून स्प्रिंग आणि पत्रे पुसा, पूर्ण सुकू द्या, मगच नवे सेल घाला. भुकटी बोटांना लागू देऊ नका, लागलीच तर हात धुवा.

स्टिकच्या सेटिंगमध्ये रिमोटच्या नावावर गेलात तर सेलची स्थिती दाखवली जाते. तिथे सगळं ठीक दिसत असलं तरी टीव्ही चालू होत नसेल तेव्हा नवे सेल घालून पाहाच. तो सर्वांत स्वस्त प्रयोग आहे.

दिवा लागतो का, आणि टीव्हीचा डोळा उघडा आहे का

इन्फ्रारेड दिसत नाही, पण मोबाइलच्या कॅमेऱ्याला बहुधा दिसतो. कॅमेरा चालू करा, रिमोटचं पुढचं टोक कॅमेऱ्यासमोर धरा आणि पॉवर किंवा आवाजाचं बटण दाबून ठेवा. मोबाइलच्या पडद्यावर जांभळट-पांढरा ठिपका लुकलुकताना दिसला तर दिवा जिवंत आहे. मागच्या कॅमेऱ्यात दिसला नाही तर सेल्फीचा कॅमेरा वापरा. मागच्या कॅमेऱ्यांत इन्फ्रारेड गाळणारी काच अनेकदा असते, पुढच्यात ती नसते किंवा पातळ असते. खात्री करायला टीव्हीचा मूळ रिमोट त्याच कॅमेऱ्यासमोर दाबून पाहा. त्याचा ठिपका दिसतो आणि स्टिकच्या रिमोटचा दिसत नाही, तर एक तर दिवा गेला आहे, नाहीतर रिमोटमध्ये अजून कुठल्याच टीव्हीचा संकेत भरलेला नाही. ही दुसरी शक्यता विसरू नका. सेटिंग करून पुन्हा तपासल्याशिवाय रिमोट फेकू नका.

आता टीव्हीचा डोळा. लाल दिव्याच्या आसपासच, काळ्या पट्टीच्या मागे तो असतो. त्याच्यासमोर काय काय येऊन बसतं ते आपल्या घरांत बघा: साउंडबार, सेट टॉप बॉक्स, फोटोची चौकट, शोभेच्या वस्तू, गौरी-गणपतीत टीव्हीच्या टेबलावर मांडलेली आरास. नव्या टीव्हीच्या कडेला चिकटवलेली पारदर्शक फिल्म जपून ठेवायची हौस असते, ती तिथे धुरकट झालेली असते. सगळं बाजूला करा, फिल्म काढा, कोरड्या मऊ फडक्याने पट्टी पुसा. खिडकीतून थेट ऊन टीव्हीच्या त्या भागावर पडत असेल तर पडदा ओढून पुन्हा प्रयत्न करा, कारण उन्हात इन्फ्रारेड भरपूर असतं आणि डोळा त्यात दिपतो.

डोळाच बिघडला असेल का, ही शंका टीव्हीच्या मूळ रिमोटने लगेच मिटते. तो हरवला असेल तर शाओमी किंवा रेडमीचा फोन कुणाकडे आहे का विचारा. त्यांतल्या अनेक फोनांच्या वरच्या कडेला इन्फ्रारेड दिवा असतो आणि मी रिमोट नावाच्या अ‍ॅपमध्ये टीव्हीची कंपनी निवडून तो रिमोटसारखा वापरता येतो. त्याने टीव्ही चालू झाला, तर डोळा चांगला आहे आणि दोष नक्की स्टिकच्या रिमोटच्या बाजूला आहे.

रिमोटला टीव्हीची ओळख पुन्हा करून द्या

माझ्या मते निम्म्याहून जास्त तक्रारींचं मूळ इथे असतं. दसरा-दिवाळीला नवा टीव्ही येतो, जुन्या टीव्हीची स्टिक काढून नव्याला लावली जाते, चित्र येतं, सगळे खूश. पण रिमोटमध्ये अजून जुन्या कंपनीचाच संकेत आहे. किंवा एकच स्टिक हॉलमधून बेडरूममध्ये फिरते आणि दोन्ही टीव्ही वेगळ्या कंपन्यांचे. रिमोटला एका वेळी एकच टीव्ही माहीत असतो.

टीव्ही चालू करून स्टिकच्या मुख्य पानावर या. सेटिंग्जमध्ये जा, तिथून इक्विपमेंट कंट्रोल, मग मॅनेज इक्विपमेंट, मग टीव्ही, आणि चेंज टीव्ही. कंपन्यांची यादी येईल, तुमची कंपनी निवडा. मग पडद्यावर सांगतील तसं करा: पॉवर दाबा, टीव्ही बंद झाला की थोडं थांबा, पुन्हा पॉवर दाबा. परत आल्यावर विचारतात, टीव्ही बंद होऊन चालू झाला का? इथे घाईत 'हो' म्हणू नका. खरोखर झालं असेल तरच हो म्हणा. 'नाही' म्हटलंत तर स्टिक त्याच कंपनीचा पुढचा संकेत आजमावून देते, आणि योग्य संकेत दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला सापडणं अगदी नेहमीचं आहे. घाईत हो म्हटल्यामुळेच अर्धवट जुळलेला संच पक्का होतो आणि मग आवाज चालतो, पॉवर नाही.

त्याच टीव्हीच्या पानावर इन्फ्रारेडचे पर्याय आहेत, त्यात आयआर प्रोफाइल, म्हणजे इन्फ्रारेड संकेतांचा संच, बदलता येतं. आवाज चालतो, पॉवर नाही, अशांनी तिथेही डोकवावं.

खरी पंचाईत स्थानिक जुळणीच्या टीव्हींची. गावातल्या दुकानातून कमी किमतीत घेतलेल्या एलईडी टीव्हीवरचं नाव त्या यादीत नसतं. तेव्हा टीव्हीचा मूळ रिमोट नीट पाहा. अशा टीव्हींचे रिमोट बहुधा सर्वसाधारण बोर्डांबरोबर येणारे असतात, आणि त्यांचे संकेत यादीतल्या कुठल्या ना कुठल्या कंपनीशी जुळू शकतात. तुमच्या भागातल्या रिमोट विकणाऱ्याला मूळ रिमोट दाखवून 'हा कुणाच्या रिमोटवर चालतो?' असं विचारा. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात बुधवार पेठेत अशी दुकानं आहेत, तालुक्याच्या गावीही एखादं असतंच. या माणसांना हे पाठ असतं. त्यांनी सांगितलेलं नाव यादीत निवडा. काहीच जुळलं नाही तर सीईसीची वाट उरते.

सीईसी, आणि स्टिकची वीज कुठून येते

स्टिकच्या सेटिंग्जमध्ये डिस्प्ले अँड साउंड्स उघडा आणि एचडीएमआय सीईसी डिव्हाइस कंट्रोल चालू आहे का बघा. मग टीव्हीच्या सेटिंगमध्येही ते चालू करा. एका बाजूला चालू आणि दुसरीकडे बंद असेल तर काही होणार नाही. एलजीत सिम्पलिंकसोबत ऑटो पॉवर सिंक चालू करावं लागतं. सोनी आणि गुगलच्या प्रणालीवर चालणाऱ्या टीव्हींत टीव्ही ऑटो पॉवर ऑन असा वेगळा पर्याय असतो, तो सुटून जातो. स्वस्त टीव्हींत सीईसी सगळ्या एचडीएमआय सॉकेटना नसतं. एआरसी लिहिलेल्या, म्हणजे टीव्हीचा आवाज साउंडबारकडे पाठवू शकणाऱ्या, सॉकेटला ते असण्याची शक्यता जास्त, म्हणून स्टिक त्यात लावून पाहा.

एवढं करूनही टीव्ही बंद होतो पण उठत नाही, तर स्टिकच्या वीजवायरचं दुसरं टोक कुठे गेलं आहे ते शोधा. टीव्हीच्या पाठीमागच्या यूएसबी सॉकेटमध्ये खोचलेलं असेल, तर दोष सापडला. भिंतीवर वायर लोंबू नये म्हणून अनेक जण, बसवणारे कारागीरसुद्धा, असं करतात. पण टीव्ही बंद झाला की त्या सॉकेटची वीजही बहुतेक टीव्हींत बंद होते. मग स्टिक बंद, सीईसीचा निरोप देणारं कुणी नाही, आणि माइकचं बटण दाबून अलेक्साला, म्हणजे स्टिकमधल्या बोलून काम सांगायच्या मदतनिसाला, कितीही सांगितलं तरी ऐकणारं कुणी नाही. शिवाय टीव्ही लावल्यावर दर वेळी स्टिक शून्यापासून सुरू होते, तो वेळ वेगळाच. टीव्हीचं साधं यूएसबी सॉकेट अर्धा अँपिअर एवढीच वीज देतं, आणि स्टिकसोबत येणारा अ‍ॅडॉप्टर १ अँपिअरचा असतो. तेव्हा खोक्यातला अ‍ॅडॉप्टर काढा आणि भिंतीवरच्या स्वतंत्र सॉकेटला लावा. मी तर म्हणेन, दुसरं काही करण्याआधी हे करा. पुष्कळ घरांचं गाऱ्हाणं एवढ्यानेच मिटतं.

लाइट रिमोट असणाऱ्यांची वाटही हीच. स्टिकला स्वतंत्र वीज, दोन्हीकडे सीईसी चालू, आणि मग होमचं बटण. स्टिक जागी होते आणि टीव्हीला उठवते.

चालू होऊन लगेच बंद होणाऱ्या टीव्हीसाठी उलट करा. इन्फ्रारेडने टीव्ही नीट चालत असेल तर सीईसी बंद ठेवा. त्याने साउंडबारच्या एआरसीवर परिणाम होतो का ते मात्र तपासा, कारण काही टीव्हींत एआरसी सीईसीच्याच आधारावर चालतं.

रात्री मेन बटण बंद करणाऱ्यांसाठी एक गोष्ट. सकाळी वीज दिल्यावर स्टिकला सुरू व्हायला वेळ लागतो. तोवर सीईसीने टीव्ही उठणार नाही. थोडं थांबून बटण दाबा.

जोडणीच तुटली असेल तर

यादीही हलत नसेल आणि सेल नवे असतील, तर आधी स्टिकची वीज काढून मिनिटभराने पुन्हा लावा. पडदा आल्यावर टीव्हीपासून तीन मीटरच्या आत उभं राहून होमचं बटण दहा सेकंद दाबून ठेवा. रिमोटवरचा छोटा दिवा भराभर लुकलुकतो आणि जोडणी झाल्याचं पडद्यावर येतं. झालं नाही तर रिमोट मुळापासून पुन्हा सुरू करावा लागतो. टीव्हीची बटणं असलेल्या रिमोटसाठी पद्धत अशी: स्टिकची वीज काढून मिनिटभर थांबा. डावी बाजू, मेनू आणि बॅक ही तीन बटणं एकदम बारा सेकंद दाबून धरा. सोडल्यावर पाच सेकंद थांबून सेल काढा. स्टिकला वीज द्या, मुख्य पान येऊ द्या, मग सेल घाला आणि होम दाबा. याने रिमोटमधल्या जुन्या नोंदी पुसल्या जातात, म्हणून टीव्हीची ओळख वर सांगितल्याप्रमाणे पुन्हा करून द्या.

रिमोट चालतच नसताना मेनूत कसं जायचं? मोबाइलवर फायर टीव्हीचं अ‍ॅप घ्या. फोन आणि स्टिक एकाच वाय-फायवर असले की फोनचाच रिमोट होतो. वाय-फायचा पासवर्ड नुकताच बदलला असेल तर मात्र स्टिक त्यावर नसणार. अशा वेळी राउटरला तात्पुरतं जुनं नाव आणि जुना पासवर्ड द्या, किंवा त्याच नावाचा हॉटस्पॉट दुसऱ्या फोनवर उघडा.

बाकीची उपकरणं

क्रोमकास्ट विथ गुगल टीव्ही असेल तर सेटिंग्जमध्ये रिमोट्स अँड अ‍ॅक्सेसरीज, त्यात सेट अप रिमोट बटन्स. तिथे आवाज आणि पॉवर यांच्यासाठी टीव्हीची कंपनी निवडून बटणं वेगवेगळी तपासता येतात. अ‍ॅपल टीव्हीत रिमोट्स अँड डिव्हायसेसमध्ये कंट्रोल टीव्हीज अँड रिसीव्हर्स चालू हवं. केबल किंवा डीटीएचच्या खोक्याच्या काही रिमोटना टीव्हीच्या मूळ रिमोटसमोर धरून संकेत शिकवावा लागतो. ती कृती खोक्यासोबतच्या पत्रकात किंवा कंपनीच्या मदत केंद्रात मिळते.

नवा रिमोट घ्यायची वेळ आलीच तर

कॅमेऱ्यात दिवा दिसत नाही, सेल नवे आहेत, टीव्हीची ओळख करून झाली आणि तरी तसंच आहे, तर रिमोट बदला. वॉरंटीत असेल तर आधी बिल शोधा. वॉरंटी संपली असेल तर स्टिक नवी घेऊ नका, फक्त रिमोट घ्या. लाइट स्टिकवरही टीव्हीची बटणं असलेला नवा अलेक्सा व्हॉइस रिमोट चालतो, त्यामुळे लाइटवाल्यांनाही हा पर्याय खुला आहे. घेण्याआधी स्टिकच्या सेटिंग्जमध्ये माय फायर टीव्ही, मग अबाउट उघडून तुमच्या स्टिकचं नेमकं नाव आणि पिढी लिहून घ्या आणि रिमोटच्या वर्णनातल्या यादीशी ताडून पाहा. हुबेहूब दिसणारे स्वस्त रिमोट खूप मिळतात. काहींत माइक चालत नाही, काहींत इन्फ्रारेडच नसतं, म्हणून ज्याच्यावर परत करायची मुदत आहे असाच घ्या आणि त्या मुदतीत सगळी बटणं तपासा.

घरात वयस्कर माणसं असतील तर नव्या रिमोटच्या पॉवरच्या बटणाशेजारी एक टिकली चिकटवा, बोटाला ती लागते आणि अंधारातही बटण सापडतं. फक्त पुढच्या टोकाच्या काळ्या भागावर काही चिकटवू नका, आणि रिमोटला प्लास्टिकचं आवरण घालणार असाल तर ते टोक उघडं राहील असं कापून घ्या.